सहा कार्डं मागे ठेवणारा चोर

१

एतिदालबाईंनी बिस्किटांचा निळा डबा उघडला, आत पाहिलं आणि झाकण लावलं. मग पुन्हा उघडलं. दुसऱ्यांदा पाहूनही आत तेवढंच होतं. बेचाळीसपैकी सहा कार्डं.

"डॉक्टर लमई," त्या हळूच म्हणाल्या, "जरा इकडे या. आणि दार लावून घ्या."

डॉ. लमई बुशरा तोंडातला जिलबीसारख्या मशब्बकचा तुकडा गालात धरूनच आले. निवृत्त होऊन त्यांना दहा वर्षं झाली होती. तरी कोंबड्यांच्या विषाणूंवर कुठेही परिषद भरली, की हा गृहस्थ कुणी बोलावो न बोलावो, हजर. सारांशांची पुस्तिका छापून घ्यायची, कपाटाच्या किल्ल्या सांभाळायच्या आणि उरलेल्या वेळात लोकांच्या भानगडीत नाक खुपसायचं, ही त्यांची तीन कामं. नाक चांगलं लांबलचक होतं आणि बहुतेक वेळा योग्य जागी खुपसलं जायचं. त्यामुळे कुणाचं काही हरवलं, तर लोक हॉटेलवाल्याकडे न जाता त्यांच्याकडे येत.

आज मात्र त्यांच्याच ताब्यातलं हरवलं होतं. ऑफिसातलं कपाट त्यांचं, कुलूपही त्यांचंच. किल्ली कपाटाशेजारच्या खिळ्याला टांगलेली असायची, हरवू नये म्हणून. ती सगळ्या जगाला दिसते हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं.

हे कार्ड म्हणजे हातभर मोठं काही नव्हे. जाड टीपकागदाचा एक तुकडा. आजारी कोंबडीच्या घशातून फिरवलेला बोळा त्यावर दाबला, की विषाणू जागीच मरतो, पण त्याची ओळख कागदात मुरून राहते. कोरडं ठेवलं तर वर्षभर टिकतं, ओल लागली तर वाया जातं. म्हणून बाईंनी डब्यात ओल शोषणाऱ्या पांढऱ्या पुड्या टाकल्या होत्या, नव्या बुटांच्या खोक्यात मिळतात तसल्या.

घड्याळात साडेसात वाजले होते. बाराला परिषदेत बाईंचं भाषण होतं. एक वाजता परदेशी प्रयोगशाळेचे पाहुणे ती कार्डं बरोबर घेऊन कैरोच्या विमानतळाकडे निघणार होते. आणि महिनाअखेर एतिदालबाई नोकरीतून मोकळ्या होणार होत्या.

कफ्र अबू-नखला आणि भोवतालच्या चार गावांत त्या एकतीस वर्षं कोंबड्यांच्या डॉक्टर होत्या. दर हिवाळ्यात गच्ची-गच्चीवर चढायचं, बायकांना सांगून पाखरं सकाळी दोन तास तहानलेली ठेवायची, मग पाण्यात चिमूटभर दूधभुकटी आणि मानमोडी रोगाची लस मिसळून ती प्यायला द्यायची. यंदा लस प्यालेल्या कोंबड्याही माना पिळवटून मेल्या. मग गावाने बाईंचं नाव पाडलं, पाणीवाली. उम्म शहाता नावाच्या बाईने तर भर बाजारात सांगितलं, की डॉक्टरणीने तीस वर्षं आम्हाला कालव्याचं पाणी विकलं आणि वर आमचाच चहा प्याली. एतिदालबाई तिथे हसल्या आणि घरी जाऊन दोन दिवस जेवल्या नाहीत. यंदाची मानमोडी वेगळ्या वाणाची आहे, जुनी लस तिला ओळखतच नाही, असा त्यांचा कयास होता. तो कार्डांवर सिद्ध झाला, तर नाव धुऊन निघणार होतं. नाहीतर पाणीवाली म्हणूनच घरी बसायचं होतं.

"सहाच का राहिली असतील?" लमईंनी विचारलं.

"घाईत सुटली असतील. चोर काय मोजत बसतो?"

लमईंनी डबा हलवला, तिरका केला, नाकाजवळ नेला. मग त्यांनी गालातला मशब्बक गिळला.

"पुड्या कुठे आहेत?"

बाईंनी वाकून पाहिलं. कार्डांबरोबर त्या पांढऱ्या पुड्याही गेल्या होत्या. तळाशी फक्त एक उरली होती, त्या सहा कार्डांच्या सोबतीला ठेवल्यासारखी.

२

संशय घ्यायला माणूस शोधावा लागला नाही. लस विकणाऱ्या कंपनीचा हाझेम आदल्या संध्याकाळीच सगळ्यांच्या देखत बाईंना म्हणाला होता, की ही कार्डं घरीच ठेवली असतीत तर सगळ्यांचंच भलं झालं असतं. परिषदेतल्या टोप्या, पेनं, पिशव्या, चहाचे पेले सगळं त्याच्या कंपनीचं. ती लस खपली नाही तर पहिली गदा त्याच्या नोकरीवर येणार होती.

लमईंनी त्याला न्याहारीच्या टेबलावर गाठलं. फूलची, म्हणजे कडधान्याच्या उसळीची, वाटी समोर होती, पण हाझेमने घास घेतलेला दिसत नव्हता. बातमी त्याच्या कानावर आधीच गेली होती. अशा परिषदेत विषाणूंपेक्षा बातम्या लवकर पसरतात.

"डॉक्टर बाशा, सगळे माझ्याकडेच बघतायत," तो म्हणाला. "तो रोटीवाला पोऱ्यासुद्धा."

लमई म्हणाले, की बघण्यासारखं बोलला होतास खरा. हाझेमने कपाळावर हात मारून घेतला. तो म्हणाला, की ते तोंडातून निघून गेलं, आई म्हणतेच माझ्या तोंडाला फाटक नाही. पण बाईंचा माल तो कशाला चोरेल? त्याची स्वतःची आई अजून गच्चीवर वीस कोंबड्या पाळते आणि त्यातल्या अकरा गेल्या महिन्यात मेल्या होत्या. लस त्यानेच फुकट नेऊन दिली होती. आई तेव्हापासून त्याच्याशी नीट बोलत नव्हती.

"आणि मी काय हातावर हात ठेवून बसलोय का? सकाळपासून हॉटेलातले सगळे फ्रीज उपसले. मासळीचा, दुधाचा, आईस्क्रीमची पेटीसुद्धा. आचारी पातेलं घेऊन अंगावर आला. जो चोर असेल, त्याला नमुने गारठ्यातच ठेवावे लागणार ना? नाहीतर तासाभरात नासतील."

 लमईंना हसू आलं. लसवाल्या माणसाचं सगळं आयुष्य बर्फात जातं. कारखान्यापासून कोंबडीच्या चोचीपर्यंत लस थंड ठेवायची, एवढं एकच त्याला येतं. कार्ड फ्रीजमध्ये घातलं तर ओल धरून वाया जाईल, हे या बापड्याला ठाऊकच नव्हतं. त्याने चोरी केली असती, तर कार्डं बर्फात गेली असती आणि पुड्या डब्यात राहिल्या असत्या.

"खा तू," लमई म्हणाले. "फूल गार होतंय."

हाझेमने मान डोलावली, पण वाटीला हात लावला नाही. इकडेतिकडे बघून त्याने आवाज खाली आणला. सहा वाजता तो फोन करायला बाहेर आला होता, तेव्हा त्याने ऑफिसातून कुणालातरी निघताना पाहिलं होतं. शालीखाली काहीतरी लपवलेलं होतं. ती सोंदोस होती.

३

डॉ. सोंदोस तीस वर्षांची होती. ती मोठ्या शेडमधल्या मानमोडीवर बोलणार होती, बाईंच्या आधी अर्धा तास. नव्या वाणाबद्दल पहिलं कोण बोलतं याची परिषदेत किती किंमत असते, हे लमईंना चांगलं माहीत होतं. बाईंची कार्डं नसतील तर बोलणारी ही एकटीच उरणार होती.

ती रिकाम्या सभागृहात शेवटच्या रांगेत बसली होती. लमईंनी आडवळणाने विचारायला सुरुवात केली, तर तिचे डोळेच भरून आले. शालीखाली काय होतं ते तिने पर्समधून काढून दाखवलं. ऑफिसातून घेतलेलं, पडद्यावरची चित्रं पुढे सरकवायचं बटण. मंचावर गेली की तिची बोबडी वळते, म्हणून पहाटे येऊन ती रिकाम्या खुर्च्यांसमोर तीन वेळा भाषण म्हणून गेली होती. हे कुणाला कळू नये म्हणून शालीखाली.

"तीनदा म्हटलंस ना? मग चौथ्यांदा माझ्यासमोर म्हण," लमई म्हणाले. "पण आधी मला सांग, एतिदालबाईंच्या कामाबद्दल तुला कितपत माहिती आहे?"

फार नाही, असं ती म्हणाली. पुस्तिकेत छापलेलं अर्धं पान, तेवढंच. दोघींचे आकडे जुळतात का बघावं म्हणून तिने बाईंचा पूर्ण निबंध वाचायला मागितला होता, एकदा नाही, दोनदा. परिषदेचे अध्यक्ष रिफअत सर यांनी दिला नाही. ते म्हणाले, की निबंधाची एकच प्रत आहे, ती माझ्यापाशी आहे आणि अजून माझं वाचून व्हायचं आहे.

"आणि सर त्या वेळी कसेतरीच दिसत होते," सोंदोस म्हणाली. "म्हणजे, निबंध वाईट असला की ते रागावतात. आम्ही सगळ्यांनी खाल्लीयत त्यांची बोलणी. पण काल रागावलेले नव्हते. त्यांना वाईट वाटत होतं."

लमईंनी तिचं भाषण पूर्ण ऐकून घेतलं. दोन ठिकाणी अडखळली, पण बरं होतं. मग ते घाईघाईने उठले आणि बाईंच्या खोलीकडे निघाले. त्यांना एक वही बघायची होती.

४

वही बाईंच्या पिशवीत होती. कार्डांवर फक्त शिसपेन्सिलीने आकडे होते. कोणता आकडा कोणत्या घराचा, ते वहीत आणि निबंधात, आणखी कुठेच नाही. मागे राहिलेल्या कार्डांवरचे आकडे होते सात, अकरा, एकोणीस, तेवीस, तीस आणि अडतीस. लमईंनी बोट फिरवून एकेक ओळ शोधली.

सात, उम्म शहाता. लस दिल्याची तारीख, आडवी रेघ. अकरा, आडवी रेघ. एकोणीस, तेवीस, तीस, अडतीस. सगळीकडे रेघच.

"ही कोणती घरं?"

"माझं पाणी नको म्हणणारी," बाई म्हणाल्या. "यंदा हाकलून दिलं त्यांनी मला. लस घेतलीच नाही. पण कोंबड्या मेल्या तेव्हा मी गेले तिथेही. शिव्या खाल्ल्या आणि नमुने घेतले."

म्हणजे घाईत सुटली नव्हती. बेचाळीस कार्डांतून नेमकी ही सहा कुणीतरी निवडून बाजूला ठेवली होती. ज्याला निबंधातला तक्ता माहीत आहे त्यालाच हे जमणार. आणि निबंध एकाच माणसाकडे होता, प्राध्यापक रिफअत शलकानींकडे.

इथे लमईंचं डोकं अडलं. कारण ही लस रिफअतांचीच होती. पस्तीस वर्षांपूर्वी त्यांनी ती तयार केली, देशभर गेली, त्यांच्या नावाने ओळखली गेली. बाईंचा कयास खरा ठरला, तर म्हातारपणी त्यांचं आयुष्यभराचं काम जुनं होणार होतं. आणि त्या लसीला खरा धोका होता तो याच सहा कार्डांचा. या घरांत लस गेलीच नव्हती, त्यामुळे गावात खरोखर कोणता वाण फिरतोय ते तिथेच स्वच्छ दिसणार होतं. लस वाचवायची असती तर रिफअतांनी सर्वांत आधी ही सहा उचलली असती. त्यांनी उलटं केलं होतं. स्वतःच्या मुळावर येणारी तेवढी मागे ठेवली आणि त्यांना ओल लागू नये म्हणून एक पुडीही ठेवली.

मग बाकीची छत्तीस कशासाठी नेली? लमईंनी वहीचे उरलेले रकाने वाचले. लस दिली, तीन तारीख. नमुना घेतला, आठ तारीख. लस चार, नमुना दहा. लस तीन, नमुना सात. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. तारखा बदलल्या नाहीत.

 ही लस जिवंत विषाणूची. पाजल्यावर तो पाखराच्या घशात दोन-तीन आठवडे मुक्काम ठोकतो. तेवढ्यात नमुना घेतला तर कागदावर मुख्यतः लसच उमटणार. पाहुणे कार्डं तपासतील आणि कळवतील, की बाई, तुम्ही आम्हाला तुमचीच लस पाठवलीत. छत्तीस वेळा. हा नियम पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवतात. एतिदालबाईंना तो ज्याने शिकवला होता, तो माणूस आत्ता खाली व्हरांड्यात चहा पीत बसला होता.

"काय सापडलं?" बाईंनी विचारलं.

 लमईंनी दोन तारखांच्या मध्ये बोट ठेवलं. बाईंनी पाहिलं आणि त्या पलंगाच्या कडेला बसल्या.

५

व्हरांड्यासमोर समुद्र होता आणि डावीकडे नदी येऊन त्याला मिळत होती. रिफअत शलकानी शहात्तर वर्षांचे होते. कोटाची सगळी बटणं लावून बसण्याची त्यांची सवय होती आणि आज कोट छातीपाशी चौकोनी फुगला होता. लमई शेजारची खुर्ची ओढून बसले.

"छातीशी घेऊन बसलात तर घामाची ओल लागेल, सर."

 रिफअतांनी बटणं सोडून घट्ट झाकणाची चौकोनी काचेची बरणी काढली. आत छत्तीस कार्डं होती आणि पांढऱ्या पुड्या.

"लागणार नाही," ते म्हणाले. "मी बघितलंय."

त्यांनी लपवाछपवी केली नाही. पहाटे नमाजाला उठले तेव्हा त्यांनी काम उरकलं होतं. त्यांचा बेत साधा होता. बाईंना वाटेल चोरी झाली, त्या उरलेली सहाच कार्डं देतील, सहांचा निकाल लख्ख लागेल आणि कुणी त्यांना हसणार नाही. चोराला शिव्या बसल्या तर बसू देत. त्यांच्या वर्गात चाळीस वर्षांत दोनच मुलं अशी झाली, की ज्यांच्यासाठी तयारी करून जावं लागायचं. त्यातलं एक परदेशात गेलं आणि दुसरी कफ्र अबू-नखलाला. एकतीस वर्षं चिखल तुडवल्यावर निरोपाच्या दिवशी सगळ्या सभागृहासमोर तिचं हसं व्हावं, हे त्यांच्याच्याने बघवणार नव्हतं.

"मला विचारायचं तरी होतंत," मागून आवाज आला.

एतिदालबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. रिफअतांनी वळून पाहिलं.

"पोरी, ते हसतील तुला. तो पाहुणा फार सभ्य आहे, तो हसणार नाही. पण बाकीचे..."

"हसू देत. उस्ताद, तुमचा नियम मला पाठ आहे. लस दिल्यावर तीन आठवडे थांबायचं. पण मला बायका बोलावतात त्या कोंबडी मरायला लागली की. मरणाऱ्या कोंबडीला सांगू का, तीन आठवडे थांब म्हणून?"

 रिफअतांची लस आणि त्यांचे नियम प्रयोगशाळेत तयार झाले होते, आणि तिथली पाखरं सांगितलेल्या दिवशी आजारी पडायची.

"चूक माझी आहे," बाई म्हणाल्या.  "निदान निबंधात तरी ती लिहायला हवी होती. तारखा मांडल्या आणि त्यांचा अर्थ काय होतो ते बघितलंच नाही, इतकी मी त्या नावाने पेटले होते. पण चूक माझी आहे म्हणूनच ती मी सांगणार. तुम्ही काल रात्री मला बोलावून कान धरला असतात तर मला बरं वाटलं असतं. तुम्ही मला सांभाळायला गेलात. गावातल्या बायका तोंडावर शिव्या देतात, पण मला लेचीपेची समजत नाहीत."

हे लागलं. रिफअतांनी बरणी पुढे केली. बाईंनी ती घेतली. मग त्यांनी खाली वाकून म्हाताऱ्याच्या कोटाची बटणं एकेक करून लावली, कारण वारा गार होता.

६

बाराला सभागृह भरलं होतं. सोंदोस बोलून गेली होती, एकदाच अडखळली होती. लमई पहिल्या रांगेत बसले होते. अध्यक्षांच्या खुर्चीत रिफअत होते.

एतिदालबाईंनी चित्रं लावलीच नाहीत. त्यांनी सांगितलं, की माझ्याकडे बेचाळीस कार्डं आहेत आणि त्यातली छत्तीस बहुधा निकामी आहेत. कशी, तेही सांगितलं, तारखांसकट. मागच्या बाजूला कुणीतरी खरंच हसलं. बाई थांबल्या, ते हसून संपेपर्यंत वाट पाहिली आणि पुढे बोलू लागल्या. सहा घरांनी त्यांना हाकलून दिलं होतं, त्या घरांची कार्डं चोख आहेत. छत्तीस आणि सहा शेजारी शेजारी ठेवून तपासा. सहांमध्ये लसीपेक्षा वेगळा वाण निघाला, तर लस प्यालेल्या कोंबड्या का मेल्या ते कळेल. नाही निघाला, तर माझा कयास खोटा, तेही मी गावात जाऊन सांगेन.

टाळ्या पडायच्या आधी रिफअतांनी ध्वनिक्षेपक ओढला. सकाळची गोष्ट ते सांगणार हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. बाईंनी त्यांच्याकडे बघून किंचित मान हलवली, नको म्हणून. त्यांनी ते राहू दिलं.

"ही लस माझी आहे," ते म्हणाले. "पाहुण्यांना माझी विनंती आहे, ती सहा कार्डं आधी तपासा. माझं काम जुनं झालं असेल तर ते मला जिवंतपणी कळू दे."

मग टाळ्या पडल्या. हाझेमही वाजवत होता. त्याला त्याच्या कंपनीतून काय ऐकावं लागेल याचा विचार तो बहुधा टाळ्या संपल्यावर करणार होता.

एक वाजता पाहुणे बेचाळीस कार्डं घेऊन गेले. निकालाला सहा आठवडे लागणार होते, म्हणजे तोवर बाई निवृत्त झालेल्या असणार. लमईंनी तेवढ्यापुरतं धीर देणारं काहीतरी बोलावं म्हणून तोंड उघडलं, पण बाई त्या वेळी फोन लावत होत्या. उम्म शहाताला. तिला ती बातमी दुसऱ्या कुणाकडून कळायला नको, असं बाईंना वाटत होतं.

फोनमधला आवाज इतका मोठा होता, की लमईंना कान द्यावाच लागला नाही. बाईंनी सगळं सांगितलं. तुझ्या घरचं कार्ड चांगलं निघालं, बाकीची मी वाया घालवली, पक्कं अजून काहीच नाही. पलीकडे कोंबड्यांचा कलकलाट चालू होता.

"एवढ्या मोठ्या लोकांसमोर तू म्हणालीस, माझी चूक झाली म्हणून?" उम्म शहाताने विचारलं.

"म्हणाले."

"आणि ते हसले?"

"एकजण हसला."

"त्याच्या कोंबड्या मरोत," उम्म शहाता म्हणाली. मग काही झालंच नव्हतं अशा आवाजात तिने विचारलं, "परत कधी येतेयस? माझी दोन बदकं सकाळपासून खात नाहीत. दुसऱ्या कुणाला मी हात लावू देणार नाही."